खतावरून

आमच्या घरात बोलण्याआधी हात उठायचा. आधी बापाचा उठायचा, मग माझा उठायला लागला. बाप बैलाला मारायचा तसाच मला मारायचा, राग संपेपर्यंत. राग संपला की बैलापुढं पेंड ठेवायचा आणि माझ्या हातात भाकरीवर गूळ ठेवायचा. त्यामुळं मारणारा माणूस वाईट असतो असं मला चाळिशी आली तरी कधी वाटलंच नाही. मारणं म्हणजे घर चालवणं, एवढंच मला कळत होतं.

धाकटा भाऊ माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. बाप गेला तेव्हा तो तिसरीत होता. मीच त्याला वाढवला, मीच शिकवला आणि मीच बडवला. एकदा त्यानं राखायला नेलेली शेळी भुईमुगात शिरली, तर मी त्याला लिंबाला बांधून निरगुडीच्या फोकानं मारलं होतं. पाठीवर वळ उठले. तो रडला नाही. बायको सोडवायला आली तर तिलाही दोन बसले. तिनं मग त्याच्या पाठीला तेल लावलं, स्वतःच्या दंडाला लावलं, आणि मला जेवायला वाढलं.

आमचं शेत तेलगावपासून आत, कच्च्या रस्त्यानं दोन कोसांवर, घराला लागूनच. नऊ एकर काळी जमीन. पूर्वी सगळा कापूस असायचा, आता बरंचसं सोयाबीन. माझं खताचं गणित सोपं होतं. पेरताना डीएपी, महिन्याभरानं युरिया. युरिया टाकल्यावर आठ दिवसांत पीक काळंभोर होतं, रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून बघतो. मला ते थांबून बघणं फार आवडायचं.

भावानं कृषी पदविका केली आणि परळीला एका खताच्या दुकानात दोन वर्षं काढली. लग्न झाल्यावर बायकोला घेऊन तो गावी परत आला. त्या उन्हाळ्यात त्यानं शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खड्डे घेतले, खड्ड्याच्या कडेची माती खरवडून पोत्यावर ओतली, कालवली, तिचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन फेकले, उरलेले परत कालवले. शेरभर माती उरेपर्यंत त्याचं हेच चाललेलं.

मी म्हटलं, "माती वाटून घेतोस का काय बे?"

"न्हाई दादा, तपासाया द्यायचीय."

तपासणीचा कागद आला तेव्हा आम्ही ओसरीवर जेवत होतो. त्यानं हात धुतला आणि कागद वाचून दाखवला. "पोटॅश भरपूर हाय. स्फुरद मध्यम. गंधक लई कमी, झिंक बी कमी. तुमी दरसाल वरून युरिया मारता, पर सोयाबीनला तो लागत न्हाई. त्याच्या मुळावर गाठी धरत्यात, त्या हवेतला नत्र वढून घेत्यात. वरून युरिया पडला की गाठी आळशी होत्यात. आन् तेलबियाला गंधक पायजे. त्याच्याबिगर दाण्यात तेल भरत न्हाई, दाणा पोचट ऱ्हातो."

"वीस वर्सं मी काय पोचट दाणे पिकविले?"

"आपलं बी दरवर्षी का उगवत न्हाई मग? दरवर्षी इकत कावून आणतो आपण?"

घरचं सोयाबीन पेरलं की निम्मं जमिनीतच सडायचं, हे खरं होतं. उत्तर नसलं की माझा हात शिवशिवायचा. त्या दिवशी हातात भाकरी होती म्हणून राहिलं.

मायनं मध्ये पडून विषय मिटवला. "विहिरीकडचं वीस गुंठं दे त्याला. करू दे काय करायचं ते. तुजं काय मरतं?"

त्या वीस गुंठ्यांत त्यानं दोऱ्या बांधून तीन पट्टे आखले. पहिल्यात काहीच नाही. दुसऱ्यात पेरताना सुपर फॉस्फेट, ज्यात स्फुरदाबरोबर गंधक असतं, आणि थोडं पोटॅश, मातीत असलं तरी शिफारशीपुरतं. तिसऱ्यात तेच सगळं आणि वर झिंक. तिन्हीकडं एकच बी, एकच दिवस, एकच तिफण. बाकीच्या शेतात माझं डीएपी, ज्यात गंधक नसतं. प्रत्येक पट्ट्याच्या तोंडाशी त्यानं पळसाच्या काठीला पत्र्याचा तुकडा बांधून रंगानं आकडा लिहिला. गावात लगेच चेष्टा सुरू झाली. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, "धाकट्यानं थोरल्याला शाळंत घातलं म्हणं." सगळे हसले, मीही हसलो. पण घरी आल्यावर दावणीच्या वासराला उगीचच लाथ घातली.

दीड महिन्यात माझं पीक मांडीला लागलं. युरिया टाकून झाला होता, रान काळंशार दिसत होतं. त्याचे पट्टे बुटके होते, रंगही फिकट. मला तर सणच वाटला. मी टपरीवरचे चौघे मुद्दाम शेतात आणले आणि मोठ्यानं म्हटलं, "बघा, शाळा कुणाची पास झाली."

भाऊ तिथंच निंदत होता. तो उठला, माझ्या रानात गेला, एक झाड मुळासकट अलगद खणून काढलं. मग तिसऱ्या पट्ट्यातलं एक काढलं. दोन्ही मुळं विहिरीच्या हौदात धुतली आणि माणसांपुढं धरली. माझ्या झाडाच्या मुळावर तुरळक चार गाठी, त्याही बारक्या. त्याच्या मुळावर बाजरीच्या दाण्यापासून वाटाण्यापर्यंतच्या गाठी, लदबदून. त्यातली एक त्यानं नखानं फोडली. आतून लालसर निघाली, रक्त गोठल्यासारखी. "ही जित्ती गाठ," तो म्हणाला. माझ्या झाडाची फोडली, ती आतून मळकट हिरवी. "ही मेल्यात जमा. दादाचं झाड वर दिसतंय, पर खाली उपाशी हाय."

चौघांपैकी एक जण फिस्सकन हसला.

मी भावाच्या कानाखाली वाजवली. माझा हात जड आहे, आयुष्यभर मोट, नांगर, पोती ओढलेला. तो जागेवर बसला. दोन्ही झाडं त्याच्या हातातच होती. थोड्या वेळानं उठला, डोकं एका बाजूला झटकलं, पाणी गेल्यावर झटकतात तसं, आणि झाडं घेऊन घराकडं गेला. हसणाऱ्याचं तोंड बंद झालं होतं, आणि मला हायसं वाटलं. खरं सांगायचं तर छान वाटलं.

पण ते छान वाटणं सकाळपर्यंत टिकलं नाही. सकाळी चहा घेताना तो समोर होता. त्याच्या गालावर माझी बोटं उमटली होती आणि तो वहीत काहीतरी लिहीत होता. मला वाटलं, हा माझ्यावरच लिहितोय. मी उठलो, कोठीतलं युरियाचं उरलेलं पोतं खांद्यावर टाकलं आणि शेतात गेलो. पहिल्या पट्ट्यात शिरलो आणि मुठी भरभरून फेकायला लागलो. पेरल्यासारखं नव्हे, कुणाच्या तोंडावर माती फेकावी तसं. पहिला पट्टा पांढरा झाला. दुसरा निम्मा झाला.

तेवढ्यात तो धावत आला. पोत्याला धरून म्हणाला, "टाकू नको."

माझ्याशी तो जन्मात पहिल्यांदा एकेरीत बोलला होता. मी पोतं ओढलं, त्यानं ओढलं, पोतं फाटलं. मी त्याला ढकललं. तो पडला, पडल्या पडल्या त्याच्या हाताला बांधावर ठेवलेलं खताचं घमेलं लागलं, आणि उठताना त्यानं ते माझ्या तोंडावर मारलं. माझा पुढचा दात हलला, तोंड रक्तानं भरलं. ते रक्त मी थुंकलो आणि विहिरीच्या कठड्याला टेकवलेला टिकावाचा दांडा उचलला. त्यानं डोक्यावर हात घेतला. मी मारलं ते डोक्यावरच मारलं होतं. हात मध्ये आला म्हणून हातावर बसलं. वाळकी काटकी पायाखाली यावी तसा आवाज झाला.

मी परत उगारला. ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही, पण इथं लिहितो. हाड मोडल्याचा आवाज ऐकल्यावरही मी परत उगारला होता.

माय कुठून आली मला दिसलं नाही. ती त्याच्या अंगावर आडवी पडली. सत्तरीची बाई, गुडघ्यांनी धड बसता न येणारी. तिनं पडल्या पडल्या पायातली चप्पल काढली आणि माझ्या नडगीवर मारायला लागली. "मार, मला बी मार. तुज्या बापानं अर्धी मारली, ऱ्हायलेली तू मार." माझी बायको आणि भावाची बायको मागून धावत आल्या. माझ्या बायकोनं माझ्या हातातला दांडा ओढून विहिरीत फेकला. मग ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या बघण्यात भीती नव्हती. ते मला दांड्यापेक्षा जास्त लागलं.

भावाच्या मनगटाच्या वर दोन ठिकाणी मोडलं होतं. त्याला बीडला नेला, सळई घातली. त्याच्या बायकोनं ठाण्यात तक्रार दिली. मला संध्याकाळी उचललं. जमादार वयस्क होता, लिहिता लिहिता त्यानं विचारलं, "कशावरून मारलं?"

"खतावरून."

त्यानं पेन खाली ठेवलं. "खतावरून? लोकं बांधावरून मारत्यात, बाईवरून मारत्यात, दारू पिऊन मारत्यात. खतावरून मारणारा तू पैलाच बे." आणि तो हसला. कोठडीत दुसरे दोघे होते, तेही हसले. मी मात्र रात्रभर जीभ हलत्या दातावर फिरवत बसलो होतो. सकाळी तो दात माझ्या हातात आला.

दोन दिवसांनी, मी जामिनावर सुटल्यावर, गावातली चार माणसं दवाखान्यात भावाकडं गेली. तक्रार मागं घे, घरातलं आहे, वगैरे. मीही सोबत होतो, दाराशी उभा. भाऊ खाटेवर टेकून बसला होता. तो त्या माणसांकडं बघून बोलला, माझ्याकडं नाही.

"मागं घेतो. पर माजे पट्टे त्येनंच कापायचे, सवता. मजूर न्हाई. दुसऱ्या पट्ट्याचा युरिया पडलेला तुकडा येगळा काढायचा. सगळं येगळं मळायचं, येगळं मोजायचं. त्येच्या रानातलं बी तसंच."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कुणाला वाटलं त्याच्या डोक्यालाही मार लागलाय. मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

सप्टेंबरमध्ये आठ दिवस झड लागली. माझं उंच रान आधीच जड झालं होतं, ते वाऱ्यानं लोळलं. झाडावर झाड, पाला सडून वास सुटला. शेंगा वरवर होत्या, खाली नुसते दांडे. भोवतालची रानं पिवळी पडून वाळायला लागली तरी माझं हिरवंच. भावाचा तिसरा पट्टा आणि दुसऱ्याचा उरलेला तुकडा उभा होता, गुडघ्याच्या वर थोडासा, पण बुडापासून शेंगा. पहिल्या पट्ट्यात मी ओतलेल्या युरियानं नुसता पाला झाला होता.

मी विळा घेऊन त्याच्या पट्ट्यांत बसलो. आठ दिवस एकटा. पाठ मोडली, बोटं चिरली. भाऊ बांधावर बसायचा, हात गळ्यात अडकवलेला, मांडीवर वही. तिसऱ्या दिवशी मी त्याला हाक मारली, "ही कडंची एक ओळ कोणत्या पट्ट्यात धरू?" परत हाक मारली. त्यानं मान वळवली नाही. विहिरीकडं बघत बसला होता.

माझं डोकं फिरलं. इतकं करून परत माज! मी विळा टाकला, तरातरा गेलो आणि त्याच्या डाव्या बाजूनं, अगदी कानाजवळ ओरडलो, "ऐकू येतंय का न्हाई?" हात वर गेला होता. माझी सावली वहीवर पडली तेव्हा तो दचकला आणि त्यानं मोडका हात डोक्यावर घेतला, सळई घातलेला, पट्टीसकट.

मग म्हणाला, "ह्या बाजूनं बोलू नगा. ह्या कानानं येत न्हाई."

"कवापासून?"

त्यानं वहीत मान घातली. मला उत्तर माहीत होतं. हौदापाशी त्यानं डोकं झटकलं होतं, तेव्हापासून. मी वर गेलेला हात खाली घेतला, पण तो कुठं ठेवावा ते समजेना. मी परत जाऊन विळा उचलला. त्या दिवशी मी कापलं ते डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. डाव्या करंगळीचं पेर चिरलं गेलं, ते पीक वाळायला टाकल्यावर बायकोनं दाखवलं तेव्हा समजलं.

मळणी यंत्र आलं. चालवणारा घाईत होता, त्यानं फेरे वाढवून ठेवले होते. पहिल्यांदा माझं सोयाबीन टाकलं, तर दाणे दुभंगून डाळीसारखे पडायला लागले. भावानं हातानंच खूण केली, फेरे कमी कर. तरी माझ्या दाण्यात फूट बरीच निघाली. दाणा सुरकुतलेला, काही हिरवे, काहींवर जांभळट डाग. मग त्याचा तिसरा पट्टा टाकला. त्याच यंत्रातून, त्याच फेऱ्यांनी. दाणा गोल, पिवळाधमक, सालीला चकाकी. ताडपत्रीवर पडताना आवाजसुद्धा वेगळा येत होता, खडे पडल्यासारखा. माझी बायको ताडपत्रीशी बसली होती. तिनं दोन्ही ढिगांतला एकेक दाणा दाताखाली धरला. माझा दाणा ती थुंकली नाही, पण चावलाही नाही.

पोती मोजली. सारख्या क्षेत्राला माझं रान त्याच्या तिसऱ्या पट्ट्याच्या पाऊणपटही भरलं नाही. दुसऱ्या पट्ट्याचा चांगला तुकडा तिसऱ्याच्या थोडा मागं. युरिया पडलेला भाग माझ्याच रानासारखा. माझ्या रागानं केलेला तो चौथा पट्टाही त्यानं वहीत लिहून घेतला. शंभर दाणे मोजून वजन करायला त्यानं मला बसवलं. मी एकदा अठ्ठ्याण्णव मोजले, त्यानं परत मोजायला लावले. मी परत मोजले.

दिवाळीनंतर तो त्याच्या बायकोला घेऊन अंबाजोगाईला राहायला गेला. विहिरीकडचा तुकडा त्याच्या वाट्याला आला, तो त्यानं दुसऱ्याला कसायला दिला. हात सरळ झाला नाही पुरता. मनगट वळत नाही. मायनं त्याच्यासोबत जायचं म्हटलं आणि गेली. जाताना माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या वर्षी ती तिकडंच वारली. तिला गावी आणली तेव्हा खांदा द्यायला आम्ही दोघं होतो. तो पुढं उजवीकडं होता, मी मागं.

जाण्याआधी त्यानं तिसऱ्या पट्ट्याचं निवडलेलं बी एका पोत्यात भरलं आणि तपासणीच्या कागदासकट माझ्या बायकोपुढं ठेवलं. मी तिथंच होतो.

"वहिनी, हे तुमाला देतोय. दादाला न्हाई."

"व्हय भावजी," ती म्हणाली.

मे महिन्यात तिनं त्यानं सांगितल्याप्रमाणं उगवण तपासली. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडले, गुंडाळून सावलीत ठेवले, रोज पाणी शिंपडलं. शेजारी दुसऱ्या गोणपाटावर माझ्या रानातले शंभर. सहाव्या दिवशी उलगडलं. तिच्या गोणपाटावर पाच-सात सोडून सगळ्यांना जाड, पांढरे कोंब. माझ्या गोणपाटावर निम्मे बुरशी धरून चिकट झाले होते, काहींना कोंब होता पण वाकडा, तुटका. वास येत होता. मी ते गोणपाट उचलून उकिरड्यावर नेऊन झटकलं. ती म्हणाली, "मोजायचं ऱ्हायलं की." मी परत आणून, उकिरड्यावर उकिडवा बसून, निवडून निवडून मोजलं.

त्या जूनमध्ये पेरणीला तिनं खत स्वतः मोजलं. सुपर किती, झिंक किती, सगळं तिनं. डीएपीचं पोतं आणायला मी निघालो होतो तर तिनं दारातच अडवलं, "न्हाई आणायचं." माझा हात शिवशिवला. खोटं कशाला बोलू, शिवशिवला. ती दारातून हटली नाही. मग मीच माघारी फिरून बैल सोडायला गेलो.

आता चार वर्षं झाली. शेत तिच्याच म्हणण्यानं चालतं. घरचंच बी पेरतो, दर दोन-तीन वर्षांनी बदलतो. गावातली माणसं मला विचारतात, वरून युरिया टाकत नाहीस का, आणि मी सांगतो, सोयाबीनला लागत नाही, गंधक टाक. हे कुठं शिकलास म्हणून कुणी विचारत नाही, त्यांना माहीत आहे. नव्या पोरांना माहीत नाही, त्यांना मी सांगत नाही.

भावाचा फोन तिच्या मोबाईलवर येतो, पेरणीआधी एकदा आणि फुलोऱ्यात एकदा. परवा आला तेव्हा मी अंगणात तिफणीचे फाळ ठोकत होतो. ठोकायचं थांबलो. ती बराच वेळ हं, हं करत होती. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणला?"

"यंदा पोटॅश टाकू नगा म्हणले. मातीत हाय म्हणले."

"अजून?"

"अजून काय न्हाई."

मी हातोडा उचलला आणि राहिलेला फाळ ठोकून घेतला.